३६३ आकृत्यांचा माणूस

दोस्तांनो, गेल्या महिन्यात एक जाडजूड पत्र आलं. चांगलं चार पानी! लिहिणारी मुलगी नववीत आहे. नाव छापू नका असं तिनं दोनदा बजावलंय, त्यामुळे नाव काही सांगत नाही. शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर तिनं माणसाच्या पचनसंस्थेची आकृती काढून पाठवली आहे. आकृती इतकी सुबक, की आधी मला वाटलं पुस्तकावरून छापच घेतलाय. एलिमेंटरीला तिला 'ए' श्रेणी मिळाली आणि आता ती इंटरमिजिएटला बसणार आहे. वर्गातली निम्मी मुलं विज्ञानाच्या आकृत्या तिच्याकडूनच काढून घेतात म्हणे. (बाईंना कळलं तर काय होईल, ते तिनं लिहिलेलं नाही.)

पण पत्र आनंदाचं नाही. घरात रोज वाद चाललाय. आई म्हणते, डॉक्टर हो. बाबा म्हणतात, चित्रकला छंद म्हणून ठेव, तिच्यावर पोट भरत नाही. आणि ही विचारते, "मला दोन्ही आवडतं. एक सोडायलाच पाहिजे का? मग कुठलं सोडू?"

आता मी काही कुणाच्या आईबाबांच्या मध्ये पडणार नाही. ते धाडस आपल्याकडे नाही बुवा! पण एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यानंही हीच दोन कामं एकत्र केली होती, आणि त्याचं निम्मं आयुष्य आपल्या मुंबईत आणि साताऱ्यात गेलं.

तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर असेल, तर त्यांना विचारा, "ग्रेज अ‍ॅनाटॉमी माहीत आहे का?" ते हसतील. हातात धरून वाचताना मनगट दुखेल एवढा जाड ग्रंथ आहे तो. माणसाच्या शरीरात काय कुठं असतं, हे सांगणारा. पहिली आवृत्ती १८५८ साली लंडनला निघाली, आणि २०२० मध्ये ४२ वी आली! हेन्‍री ग्रे हे नाव त्यामुळे जगभर झालं. पण त्या पहिल्या आवृत्तीत ३६३ आकृत्या होत्या, आणि मुलं पुस्तक घ्यायची ती मुख्यतः त्या आकृत्यांसाठी. त्या कुणी काढल्या? ग्रेनं नव्हे. त्या काढल्या हेन्‍री व्हॅन्डाईक कार्टर नावाच्या तरुणानं.

कार्टर १८३१ चा. वडील चित्रकार होते, इंग्लंडमधल्या स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी राहून समुद्राची, जहाजांची जलरंगातली चित्रं काढायचे. म्हणजे हातात ब्रश धरायचं शिक्षण घरातच. मुलगा मात्र सोळा-सतराव्या वर्षी लंडनला गेला तो डॉक्टर व्हायला. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये तो शिकू लागला आणि तिथंच त्याची ग्रेशी गाठ पडली. ग्रे त्याच्याहून थोडा मोठा, हुशार, पुढं जाणारा. पोराची बोटं काय करू शकतात हे त्यानं बरोबर ओळखलं. १८५५ च्या अखेरीला त्यानं कार्टरला विचारलं, विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असं पुस्तक करायचंय, चित्रं तू काढशील का?

पुढचं दीड वर्ष दोघं शवविच्छेदनाच्या खोलीत होते. मृत शरीर थराथरानं उलगडायचं, आधी त्वचा, मग स्नायू, मग शिरा, नसा, हाडं. प्रत्येक थर नीट पाहायचा आणि कागदावर उतरवायचा. आज हे काम फॉर्मॅलिननं टिकवलेल्या देहावर होतं. त्या वेळी फॉर्मॅलिनचा हा उपयोग माहीत व्हायला अजून पस्तीस-चाळीस वर्षं होती. विजेचा दिवा नाही, पंखा नाही, शीतकपाट नाही. वास, थंडी आणि घाई. आज पाहिलेलं उद्या तसंच दिसेल याची खात्री नाही!

खरी कसरत तर पुढं होती. त्या काळी आकृती छापायची तर ती लाकडी ठोकळ्यावर कोरावी लागे. बॉक्सवूड नावाचं फार कठीण, बारीक पोताचं लाकूड त्यासाठी वापरत. कार्टर त्या ठोकळ्यावर पेन्सिलीनं थेट आकृती काढायचा, आणि मग कोरणारे कारागीर रेघा तेवढ्या ठेवून आजूबाजूचं लाकूड कोरून काढायचे. पण ठसा उलटा उमटतो ना? रबरी शिक्का पाहिलाय की नाही? तशी कार्टरला प्रत्येक आकृती आरशात दिसावी तशी, डावं-उजवं उलटं करून काढावी लागे. आत्ता पेन्सिल घ्या आणि स्वतःचं पूर्ण नाव आरशात सुलट वाचता येईल असं लिहून बघा. मग विचार करा, तळहातातल्या सगळ्या शिरा, नसा, स्नायू असे उलटे काढायचे, आणि एकही रेघ चुकता कामा नये, कारण उद्या कुणी डॉक्टर त्या चित्राच्या भरवशावर सुरी चालवणार आहे.

आणि त्यानं आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात आवडते. त्याआधीच्या बऱ्याच पुस्तकांत अवयवावर बारीक आकडा किंवा अक्षर असे आणि त्याचा अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावर. मुलांनी बोट आकड्यावर ठेवायचं, पान उलटायचं, यादी शोधायची, परत यायचं. तोवर आकडा विसरलेला! कार्टरनं नावं थेट अवयवावरच लिहिली. नस वळते तिथं तिचं नावही वळतं, स्नायू लांबट तर अक्षरंही लांबवर पसरलेली. नकाशात नदीच्या कडेकडेनं नदीचं नाव लिहिलेलं असतं, अगदी तसं. उद्या परीक्षा असलेल्या मुलाला काय हवंय, हे कार्टरला माहीत होतं, कारण तो स्वतः नुकताच त्या बाकावरून उठला होता.

मग बक्षीस काय मिळालं? ऐका. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले. कार्टरला एकदाच १५० पौंड, पुढं काही नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानाचा कच्चा छाप आला, त्यावर दोघांची नावं सारख्याच मोठ्या टाइपात होती. ग्रेनं त्यावर खुणा केल्या. कार्टरचं नाव लहान करा, आणि त्याच्या नव्या नोकरीचा उल्लेख काढून टाका. याआधी ग्रेच्या प्लीहेवरच्या पुस्तकासाठीही कार्टरनं चित्रं काढली होती. तिथं तर साधे आभारही नव्हते! ही सगळी हकीकत रूथ रिचर्डसन या इतिहासकार बाईंनी २००८ मध्ये आपल्या पुस्तकात खुलासेवार मांडली आहे. कार्टरच्या रोजनिशा जपून ठेवलेल्या आहेत, म्हणून हे कळू तरी शकलं.

ग्रेला खलनायक करायला मी तयार नाही. पुस्तकाची कल्पना त्याची होती, मजकूर त्याचा होता आणि कष्टही त्याचे होते. बिचारा १८६१ साली देवीच्या रोगानं गेला, वय अवघं चौतीस. आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्याला लागण झाली होती. पण नाव लहान करायला लावलं, हे मात्र मला अजून खटकतं. तुमच्या वर्गातही प्रकल्प चौघं मिळून करतात आणि पहिल्या पानावर एकाचंच नाव मोठ्या अक्षरात असतं, असं होतं की नाही?

तर ती पुसली गेलेली नोकरी कुठली होती? मुंबईची! पुस्तक छापून होण्याआधीच, १८५८ च्या सुरुवातीला कार्टर बोटीत बसला होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवू लागला. पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं राहिला, मग पुन्हा मुंबई. आपल्याकडं अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसांच्या पायात काटा रुतायचा, तिथून मातीतली बुरशी आत शिरायची आणि पाय सुजून त्यातून काळे, पांढरे कण बाहेर पडायचे. या रोगाला 'मायसेटोमा' हे नाव कार्टरनं दिलं, त्यावर १८७४ मध्ये ग्रंथ लिहिला. कुष्ठरोगावर त्यानं काम केलं. १८७७ च्या दुष्काळात उपाशी माणसं मुंबईत आली, त्यांच्यात उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. त्या रुग्णांच्या रक्तातले मळसूत्रासारखे वळलेले जंतू त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. पाहायचं आणि पाहिलेलं जसंच्या तसं टिपायचं, ही सवय चित्रं काढता काढताच लागलेली होती ना! १८८८ मध्ये तो निवृत्त होऊन परत गेला आणि १८९७ मध्ये स्कारबरोलाच वारला.

एक गोष्ट राहिलीच. ज्यांच्या देहांवरून ही चित्रं काढली, त्यांची नावं तर लहान टाइपातही नाहीत. १८३२ च्या कायद्यानं इंग्लंडात बेवारस गरिबांचे देह विच्छेदनाला दिले जात. गरिबाला कुणी विचारत नव्हतं. आज आपल्याकडं कितीतरी माणसं जिवंतपणीच अर्ज भरून देहदान करतात, आणि काही महाविद्यालयांत विच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी त्या देहाला हात जोडतात. फार पूर्वी सुश्रुतानंही मृत देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा, अशी पद्धत सांगून ठेवली आहे. पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही जुळलं पाहिजे असा त्याचा आग्रह होता.

बरं, गोष्ट पुरे. आता ही कला शिकतात कशी ते पाहू.

पहिली गंमत डाव्या-उजव्याची. मी शाळेत असताना हृदयाची आकृती मोठ्या दिमाखात काढली आणि डावं निलय डाव्या हाताला दाखवलं. दहातले तीन गुण मिळाले! या चित्रांत नेहमी समजायचं की माणूस तुमच्यासमोर तोंड करून, तळवे पुढं करून उभा आहे. त्याची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी. म्हणून डावं निलय कागदाच्या उजव्या बाजूला येतं. त्याची भिंतही जाड काढायची, कारण त्याला साऱ्या शरीरभर रक्त ढकलायचं असतं.

दुसरी गंमत रंगांची. रोहिणी लाल, नीला निळी, चेता पिवळी. खऱ्या शरीरात इतकं छान रंगवलेलं काही नसतं हो! आत सगळं फिकट, गुलाबी, तपकिरी, एकमेकांत मिसळलेलं. हे रंग म्हणजे ठरवलेली खूण आहे, नकाशात डोंगर तपकिरी असतात तशी. म्हणूनच हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी असूनही ती निळी दाखवतात, कारण तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो.

मग प्रश्न पडतो, हे चित्र खरं की खोटं? फोटो काढला की काम संपलं नाही का? नाही ना! फोटोत सगळंच येतं, रक्त, चरबी, चमक, सावली. चित्रकार ठरवतो काय दाखवायचं आणि काय वगळायचं. आणि ते ठरवण्यासाठी विषय समजलेला असावा लागतो.

मॅक्स ब्रोडेल नावाचा जर्मन चित्रकार होता. १८९४ मध्ये तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात डॉक्टरांसाठी चित्रं काढायला गेला. कलाशाळेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण स्वतः विच्छेदन करून, समजून घेऊन मगच तो पेन्सिल उचलायचा. मूत्रपिंडाचं चित्र काढायचं होतं, म्हणून यानं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या कुठून कुठं जातात ते बारकाईनं तपासलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पुढच्या आणि मागच्या फांद्यांच्या मधे एक पट्टा असा आहे, जिथं रक्तवाहिन्या फार कमी. म्हणजे तिथं छेद घेतला तर रक्तस्राव कमी! शस्त्रक्रिया करणारे त्या जागेला आजही ब्रोडेलची रेषा म्हणतात. चित्र काढता काढता शोध लागला, बघा. १९११ मध्ये त्यानं तिथंच ही कला शिकवणारा विभाग सुरू केला, अशा प्रकारचा तो पहिलाच. आजही तो चालू आहे, आणि तिथं प्रवेश घ्यायचा तर चित्रांचा संग्रहही दाखवावा लागतो आणि विज्ञानाचा अभ्यासही.

काय दाखवायचं आणि काय वगळायचं, यात चूकही होते, बरं का. नायजेरियातला चिडिएबेरे इबे नावाचा वैद्यकीय विद्यार्थी आहे. त्याच्या लक्षात आलं, की पुस्तकांतली माणसं जवळजवळ सगळी गोऱ्या कातडीची. त्यानं आईच्या पोटातल्या काळ्या बाळाचं चित्र काढलं. २०२१ च्या डिसेंबरात ते जगभर पोचलं आणि कितीतरी लोक म्हणाले, असं चित्र आम्ही आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय! हा नुसता मानाचा प्रश्न नाही. अंगावर उठलेला पुरळ गोऱ्या कातडीवर लालभडक दिसतो, सावळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. डॉक्टरनं चित्रात नेहमी लालच पाहिला असेल, तर आपल्यासारख्यांच्या अंगावरचा तो ओळखणार कसा? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली माणसं कुठल्या रंगाची आहेत, जरा पाहून ठेवा.

आणि हो, "आता काय, यंत्रालाच सांगायचं, चित्र काढ म्हणून!" असं कुणीतरी म्हणेलच. २०२४ च्या फेब्रुवारीत एका शास्त्रीय नियतकालिकात उंदराचं असं यंत्रानं काढलेलं चित्र छापून आलं. दिसायला झोकदार, पण अवयव भलत्याच आकाराचे आणि नावांच्या जागी निरर्थक अक्षरं. जगभर हसं झालं आणि काही दिवसांतच तो लेख मागे घ्यावा लागला. यंत्र वापरायला माझी हरकत नाही. आजचे चित्रकार संगणकावर त्रिमितीतही काम करतात. पण चूक ओळखायला उंदीर आतून कसा असतो हे कुणाला तरी ठाऊक हवंच की!

आईबाबांनो, आता दोन ओळी तुमच्यासाठी. नववीत काहीच तोडायची गरज नाही. अकरावीला विज्ञान आणि जीवशास्त्र घेता येतं, आणि बारावी विज्ञान झाल्यावरही कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसता येतं. डॉक्टर झालं तरी पेन्सिल कुणी काढून घेत नाही. पोट भरेल का, या प्रश्नाला मी 'नक्की' असं उत्तर देणार नाही. पुस्तकं, वैद्यकीय महाविद्यालयं, औषध कंपन्या, शस्त्रक्रिया समजावणाऱ्या फिल्म, इथं हे काम असतं, पण डॉक्टरीइतकं ते ठरलेल्या वाटेवरचं नाही. तुमची काळजी खोटी नाही. फक्त वहीतली ती पचनसंस्था एकदा शेजारी बसून नीट पाहा, एवढंच.

आणि पत्र लिहिणाऱ्या मुली, तू आणि तुझ्यासारखे सगळे, या रविवारी एक भेंडी घ्या. हसू नका! आईला विचारून सुरीनं आडवी कापा. कापण्याआधीच, आठवणीतून, आत काय दिसेल ते काढा. हे झालं स्मरणचित्र. मग खरी चकती समोर ठेवून वस्तुचित्र काढा. भेंडीला कडा किती आणि आत कप्पे किती, ते मोजून घ्या. बहुधा पाच भरतील, पण तुमच्या भेंडीला सहा असले तर सहाच काढा! पुस्तकात पाच आहेत म्हणून पाच काढणाऱ्याला आपण नापास करणार. चकती मोजपट्टीनं मोजा, चित्र तिच्या तिप्पट आकाराचं काढा आणि खाली '३ पट' असं लिहा. उजेड डावीकडून, वरून येतोय असं धरा. ही या चित्रांची जुनी रीत आहे. छायेसाठी बोटानं शिसं फासू नका. टोकदार पेन्सिलीनं ठिपके द्या, गडद तिथं दाट, उजळ तिथं विरळ. हात दुखेल. नावं देताना रेघा मोजपट्टीनं ओढा, एकीनं दुसरीला ओलांडू नये आणि रेघेचं टोक त्या भागाला टेकलेलं असावं, नाहीतर बी दाखवताय की कप्पा तेच कळत नाही.

मग हेच जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद घेऊन करा. ज्यांच्याकडं कोंबडी शिजते त्यांनी पंखाचं हाड उकळून, घासून, वाळवून तीन बाजूंनी काढा. तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत जशी दोन हाडं आहेत, तशी तिथंही दोन सापडतील.

दोन्ही चित्रं पाठवा, स्मरणातलं आणि समोर ठेवून काढलेलं, एकाच कागदावर शेजारी शेजारी. मागच्या बाजूला नाव, इयत्ता, शाळा. दोघांनी मिळून काढलं असेल, तर दोघांची नावं. सारख्याच आकाराच्या अक्षरांत.